आंघोळ घालून नेलेला ढब्बू

ताई कुत्र्यांना आंघोळ घालते. गेली बावीस वर्षं. गल्लीच्या कोपऱ्यावर तिचं एका खोलीचं दुकान आहे. एक टब, एक उंच टेबल, भिंतीवर कात्र्या आणि कंगवे. घरच्यांनाही न जुमानणारं कुत्रं तिच्या टेबलावर चढलं की मुकाट्याने पंजा पुढे करतं. या कामात आपला हात धरणारं कुणी नाही, असं ती स्वतःच सांगते, आणि खोटं सांगत नाही.

पण तिची धाकटी बहीण जनावरांची डॉक्टर झाली आणि दोन वर्षांपूर्वी तिने समोरच्याच बाजूला दवाखाना थाटला. तेव्हापासून ताईच्या पोटात दुखतं. इतकी वर्षं "ताई, याचा कान बघता का जरा?" म्हणणारे लोक आता आंघोळ उरकली की "डॉक्टरीणबाईंनाही दाखवून येतो" म्हणतात. दाखवा बापडे! लहानपणी ही डॉक्टरीणबाई कुत्रं दिसलं की ताईच्या पाठीमागे लपायची. हे ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. गिऱ्हाईक हसतं आणि तरीही रस्ता ओलांडतं.

गेल्या हिवाळ्यात दुकानामागच्या परसात एक कोल्हा येऊ लागला. शेपटीचे केस झडलेले, अंगभर खपल्या. दिवसा तो लाकडांच्या ढिगाखाली झोपायचा. तो उठून गेला की त्याच उबदार जागेत ताईचा स्वतःचा कुत्रा, ढब्बू, लोळायचा. ताईने कोल्ह्याला दोनदा हाकललं, पण ढिगाखालची फट बुजवायची राहून गेली. महिन्याभरात ढब्बू खाजवायला लागला.

निदान करायला ताईला डॉक्टरकी लागत नाही. तिने ढब्बूच्या कानाची कड बोटांत धरून चोळली, तसा त्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला. खरूज! कातडीत बीळ करून राहणाऱ्या किड्यांची, त्या कोल्ह्याकडून आलेली. इलाज धाकटीकडे होता, आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं. सगळ्या गल्लीची कुत्री जिच्याकडे येतात तिच्याच कुत्र्याला खरूज? धाकटी काही बोलणार नाही, नुसती समजूतदारपणे मान हलवेल, याचाच ताईला धसका होता. म्हणून ती आपली औषधी शाम्पूने त्याला घासत बसली.

शेवटी धाकटीच दुकानात येऊन म्हणाली, "ताई, ढब्बू फार खाजवतोय गं. घेऊन ये ना उद्या."

नाही म्हणता येईना. नेण्याआधी ताईने ढब्बूला दोनदा आंघोळ घातली, कंगव्याने एकूण एक खपली काढली, ब्रश फिरवून त्याला चकचकीत केलं. तिच्या हातून घाणेरडं कुत्रं कधी कुणाकडे गेलेलं नाही. बहिणीकडे तर मुळीच जाणार नव्हतं.

धाकटीने कातडी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिली. "काही दिसत नाही गं. ॲलर्जी असेल. या गोळ्या देऊन बघ."

ताईला तत्क्षणी कळलं. खपल्यांबरोबर वरवरचे किडेही आपण टबात धुऊन टाकले, कातडीत खोलवरचे तेवढे राहिले. एक वाक्य बोलायचं होतं. ती बोलली नाही. डॉक्टरीणबाई चुकल्या! तिला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. बाई तशी वाईट नाही, पण मत्सराने भल्याभल्यांची वाचा जाते. ती गोळ्या घेऊन घरी आली.

तीन आठवड्यांत ढब्बूच्या कोपरांवरचे केस गेले. टेबलाच्या पायाला अंग घासून घासून त्याने रक्त काढलं. जेवण सोडलं. तरी ताई गप्पच. मग बेकरीवाल्याची कुत्री आंघोळीला आली. ताईने सवयीने तिचा कान चोळला आणि तिचाही मागचा पाय हलला. तेच टेबल, तेच टॉवेल!

ती तशीच ओल्या हातांनी दवाखान्यात गेली. "त्या दिवशी मी ढब्बूला आंघोळ घालून आणलं होतं. दोनदा. खरूज आहे त्याला. मला आधीपासून ठाऊक होतं."

धाकटीने मान खाली घातली. "शाम्पूचा वास आला होता मला. दहा दिवस न धुता परत आण, असं सांगणार होते. पण कुत्र्यांतलं तुला मी काय शिकवायचं, म्हणून बोलले नाही. माझंच चुकलं, ताई."

ती चिडली असती तर परवडलं असतं. चूक कबूल करण्यातही हीच पुढे!

धाकटीने औषध दिलं. टॉवेल उकळायला सांगितले, ढिगाखालची फट बुजवायला सांगितली, दुकान काही दिवस बंद ठेवायला सांगितलं. "आणि या दोन महिन्यांत तुझ्या टेबलावर चढलेलं प्रत्येक कुत्रं मला बघावं लागेल. लोकांना मी फोन करू?"

"गिऱ्हाइकं माझी आहेत," ताई म्हणाली. "मीच करते."

वही उघडून ती बसली. "ढब्बूला कोल्ह्यामुळे खरूज झालीय. तुमचं कुत्रं माझ्या धाकटीला दाखवून घ्या. आणि आधी आंघोळ घालू नका." बावीस वर्षांत हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

सातव्या फोनवरची बाई म्हणाली, "तरी बरं हो, बहीण डॉक्टर आहे तुमची. फार हुशार आहे."

ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हो," ती म्हणाली. "पहिल्यापासूनच."

खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. ताईचं काही हलकं झालं नाही. तिने वहीतल्या आठव्या नावावर बोट ठेवलं आणि नंबर लावला.