अर्ध्या टाकीचा नियम

‘मंगळवार, ७ फेब्रुवारी. ढगाळ. अण्णांनी सकाळी अर्धा कप दूध घेतलं, दुपारी नको म्हणाले. चादर बदलली. सिस्टर येऊन गेल्या. औषध अर्ध्या बाटलीवर आहे, पुरेल. धाकट्याचा फोन : शुक्रवारी गाडी घेऊन येतो, हॉस्पिटलात खोली मिळाली आहे. अण्णांना सांगितलेलं नाही.’

मोठीने, अण्णांच्या थोरल्या लेकीने, वही मिटली. शेजारच्या खोलीत खाट करकरली. अण्णा कूस बदलू पाहत होते आणि जमत नव्हतं. ती उठली, त्यांच्या पाठीमागे उशी सरकवली.

“दुखतंय का?”

“छे,” अण्णा म्हणाले. कपाळावर घाम होता.

अण्णांनी उभा जन्म बस चालवली. तरुणपणी एकदा डिझेल संपून त्यांची गाडी आडरानात बंद पडली होती, आणि भरल्या गाडीने मिळून त्यांचा असा उद्धार केला होता की पुढे नोकरीभर त्यांनी टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ दिली नाही. हा नियम त्यांच्यामागोमाग घरात शिरला. साखर असो, तेल असो, काडेपेट्या असोत, अर्ध्यावर आलं की नवीन आणलंच पाहिजे. आणायला जमलं नाही तर हात आखडायचा. आईने तो नियम कुरकुरत पाळला. आई गेली, पुढे मोठीचा नवराही गेला, आणि ती माहेरी राहायला आली तेव्हा नियम तिच्याकडे आला. धाकटा भाऊ चेष्टा करायचा, “आपल्या घरातल्या कुठल्याही डब्याचा तळ अजून कुणी पाहिलेला नाही.”

कॅन्सर हाडांत उतरला होता. आता उपचारांचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, “मग गाडी आगारात लावा. घरी चला.” त्यानंतर हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या दिवसांत रुग्णाला सांभाळणाऱ्या संस्थेची, नर्स घरी यायला लागली. तिने हवेची गादी आणली, पाठ कशी धुवायची ते दाखवलं, दुखण्यावरचं मॉर्फिन बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढून गालाच्या आत कसं सोडायचं ते शिकवलं. पहिले दिवस बरे गेले. मग अण्णा कण्हू लागले. रविवारी धाकट्याने ते कण्हणं ऐकलं आणि स्वयंपाकघरात येऊन आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, तू जिवाचं रान करतेस, कबूल. पण हे घरी निभत नाहीये. त्यांना असंच विव्हळत ठेवायचं का?”

अण्णांना या खाटेवरूनच जायचं होतं, आणि तसा शब्द मोठीने दिला होता.

शुक्रवारी धाकटा आणि सिस्टर एकदमच जिन्यात भेटले. धाकट्याच्या हातात गाडीची किल्ली आणि अण्णांसाठी नवा टॉवेल होता. सिस्टरने अण्णांची नाडी पाहिली, मग खिडकीतली बाटली उजेडात धरली.

“काकू, मंगळवारी मी गेले तेव्हाही ही जवळजवळ एवढीच होती.”

“देते ना मी,” मोठी म्हणाली. “जरा कमी देते, इतकंच.”

“जरा म्हणजे?”

“निम्मं.” तिने पदराला हात पुसले. “शेवटी शेवटी फार दुखेल म्हणतात. तेव्हाच बाटली रिकामी असली तर मी काय करू?”

सिस्टर खाटेकडे वळली. “आणि आजोबा, तुम्ही? विचारलं की दुखत नाही म्हणता!”

अण्णांनी डोळे मिटूनच सांगितलं, “टाकी अर्ध्यावर आलीय. पुढे चढ आहे.”

धाकट्याने आधी वडिलांकडे पाहिलं, मग बहिणीकडे. “धन्य आहात दोघं! अहो, पंप दारात उभा आहे आणि तुम्ही गाडी ढकलताय?”

“पंप मीच,” सिस्टर म्हणाली. “ही संपायच्या आत दुसरी येते. रविवारी फोन केलात तरी येते. आणि दुखणं वाढल्यावर औषध द्यायचं नसतं, वाढू नये म्हणून वेळेवर द्यायचं असतं. राखून ठेवलंत तर शेवट अवघडच होईल.” तिने पूर्ण माप ओढलं. “उघडा तोंड.”

मोठी स्वयंपाकघरात गेली, उगाच नळ सोडून उभी राहिली. मागून सिस्टर आली आणि म्हणाली, “चहा कराल का? मी थांबते थोडा वेळ.”

चहा पिऊन होईपर्यंत अण्णांच्या भुवया सैल झाल्या. दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं, तर ते कण्हले नाहीत, घोरायला लागले. कितीतरी दिवसांत त्या घरात ते घोरणं ऐकू आलं नव्हतं.

“हॉस्पिटलात याहून वेगळं काय देतील?” धाकट्याने सिस्टरला विचारलं.

“औषध हेच. खोली वेगळी.”

तो गॅलरीत जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. “नाही, नको आता,” एवढंच मोठीला ऐकू आलं. आत आला तो तिच्यावरच घसरला. “मला एका शब्दाने विचारायचंस, ताई. मी इकडे खोल्या शोधत बसलो.”

“तू ओरडला असतास.”

“ओरडलोच असतो.”

दिवेलागणीला अण्णा जागे झाले. खाटेच्या पायथ्याशी मुलगा बसलेला दिसला. “तू? आज सुट्टी?”

“तुम्हाला न्यायला आलो होतो.”

“कुठे?”

“कुठे नाही. ही पुढची मात्रा, मी देतो. ताई, बघ गं, बरोबर धरलंय का?”

“आडवी धर जरा,” मोठी म्हणाली. “आणि हळू. ठसका लागेल.”

अण्णांनी औषध गिळलं, तोंड वाकडं केलं. “कडू आहे.” मग थोड्या वेळाने, “पूर्ण दिलंस का?”

“पूर्ण.”

त्या रात्री वहीत तिने लिहिलं : ‘शुक्रवार, १० फेब्रुवारी. अण्णा दुपारभर झोपले. संध्याकाळी पाऊण वाटी सूप. धाकटा राहणार आहे. बाहेरच्या खोलीत टेबल भिंतीला लावून त्याची गादी घातली. जादा उशी एकच होती, ती त्याला दिली.’