हनोईचा लहान चमचा

"काई नाई होत गा," हे भाऊंचं उत्तर. प्रश्न कोणताही चालायचा.

गांधीबागेत साड्या घ्यायला कधी आला असाल, तर तुम्ही त्यांना पाहिलं असणारच. गादीवर मांडी घालून बसलेले, एका हाताने साडी उलगडणारे आणि दुसऱ्या हाताने गुडघ्यावर पन्नी घोटणारे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळहाताने रगडत बसायचं, याला आम्ही नागपूरकर खर्रा म्हणतो आणि यातच आमची अर्धी जिंदगी जाते. रंग जाईल का, असं एखाद्या बाईनं विचारलं की भाऊ म्हणायचे, "काई नाई होत, ताई." रंग जायचा. बाई भांडायला यायची आणि जाताना दुसरी साडी घेऊन जायची.

अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी त्याच गादीवर बसलो. शेवटची दोनेक वर्षं भाऊंचे उपास फार वाढले होते. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, शनिवार मारुतीचा, मधले वार पोट बिघडल्याचे. पोह्यांच्या ठेल्यावर "तर्री जास्त टाक गा" असं ओरडून मागायचे आणि प्लेट माझ्यापुढे सरकवायचे. "तूच खा, मले भूक नाही." मग दुकानात येऊन पाठ फिरवून दहीभात खायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारा देवाला लागला. त्यांच्या वाटणीची तर्री, म्हणजे पोह्यांवरचा तो तिखटजाळ रस्सा, ओरपून माझं पोट सुटलं होतं, तेव्हा त्यांची भक्ती मलाही मानवत होती.

अशात एका साडी कंपनीनं जास्त माल उचलणाऱ्या दुकानांसाठी व्हिएतनामची सहल काढली. चार रात्री, पाच दिवस. शेठजींचे गुडघे गेलेले, म्हणून ते म्हणाले, तुम्ही दोघं जाऊन या. भाऊंनी बारा पुड्या खर्रा बांधून घेतला आणि माझ्या बॅगेत कोंबला.

"माझ्या बॅगेत काहून?" मी विचारलं.

"तुह्या तोंडावर शराफत हाय बे. मले पकडतीन."

आमच्या चाळीस जणांच्या जथ्यानं हनोईच्या हॉटेलात पहिल्याच जेवणाला ठेच्याचे डबे उघडले. समोर येईल त्यावर ठेचा घालायचा आणि मग म्हणायचं, इथल्या जेवणात काही दम नाही. समुद्रातून उभे राहिलेले हिरवे डोंगर दाखवायला बोटीतून नेलं, तर अर्धी मंडळी आत रमी खेळत होती. भाऊ एकटे वर डेकवर. "रामटेकचा गड कोणी पाण्यात आणून ठेवला गा?" एवढंच म्हणाले आणि कितीतरी वेळ पन्नी न घोटता बघत राहिले.

रस्ता ओलांडण्यात मात्र त्यांनी कमाल केली. तिथं स्कूटरी थांबत नाहीत, तुम्हाला वळसा घालून जातात. आमच्यातले सगळे फुटपाथवर गोठलेले. भाऊंनी हात वर केला, म्हणाले, "जरीपटक्याच्या बाजारात वाढलो मी," आणि दुकानदारांच्या बायकांना चार-चार करून पलीकडे पोचवलं. "काई नाई होत, ताई. फक्त पळू नका." त्या दिवशी ते वाक्य खरं निघालं.

पलीकडे फुटपाथवर एका साठीच्या बाईचा ठेला होता. प्लॅस्टिकची स्टुलं एवढी बुटकी की बसल्यावर भाऊंचे गुडघे हनुवटीला लागले. तिनं दोन मोठे वाडगे ठेवले. तांदळाच्या मऊ शेवया, कोंबडीचा निवळ रस्सा, वर हिरवा सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मी पहिल्या घोटातच मिरची शोधायला लागलो. भाऊ शोधत नव्हते. चिनी मातीचा तो रुंद चमचा ते आडवा करून बघत होते, उभा करून बघत होते. मला वाटलं, रस्सा गरम असेल.

बाईनं चुलीवरून एकदा वळून पाहिलं. उठली, कॉफी ढवळायचा स्टीलचा लहान चमचा आणून त्यांच्या वाडग्यात ठेवला, मोठा उचलून नेला आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

त्या चमच्यानं भाऊंनी अख्खा वाडगा संपवला. पाऊण तास लागला. दुसरा मागवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मिरची लागली," म्हणाले.

"यात मिरची नाही, भाऊ."

दुसरा वाडगा अर्धा झाल्यावर ते बोलले. "दोन वर्षं झाली. दोन बोटंही जात नाही तोंडात. तिखट लागलं की आग पडते. गालात आतून गाठ हाय. घरी माहीत नाही, तूही सांगू नको. लोक म्हणते, डॉक्टरकडे गेलं की फाडते." मग वाडग्याकडे बघून म्हणाले, "किती दिवसानं चार लोकांत बसून पोटभर जेवलो गा."

मला माझीच लाज वाटली. अकरा वर्षं मांडीला मांडी लावून बसलो आणि त्यांच्या उपासांवर हसत त्यांची तर्री खाल्ली. त्या बाईला पाच मिनिटांत कळलं.

हॉटेलात जाऊन मी उरलेल्या सगळ्या पुड्या संडासात ओतल्या. संडास तुंबला. तो उपसायला आलेल्या माणसानं माझ्याकडे जे पाहिलं, त्यानं तोंडावरची शराफत कायमची गेली. भाऊंकडून कबूल करून घेतलं की नागपुरात उतरलो की रामदासपेठेतल्या डॉक्टरकडे जायचं, आणि बदल्यात घरी काही न सांगायचा शब्द दिला.

"जाऊ गा," ते म्हणाले.

उरलेले दिवस आम्ही त्या बाईच्या ठेल्यावरच जेवलो. शेवटच्या सकाळी भाऊंनी कंपनीनं वाटलेल्या नमुन्यांतली एक राणी रंगाची साडी नेली. बाईच्या हातचं एवढं खाल्लं, तिला रिकाम्या हाती कसं सोडायचं? साडी स्वतःच्या खांद्यावर टाकली, पदर उलगडून दाखवला आणि म्हणाले, "रंग जाते, बाई. थंड्या पाण्यात धुजा." उभ्या जन्मात साडी दाखवताना एकदाच खरं बोलले, आणि तिला मराठी येत नव्हतं. ती खूप हसली. तिनं तो लहान चमचा कागदात गुंडाळून त्यांना दिला.

नागपूरच्या विमानतळाबाहेर पडल्यावर भाऊंनी पहिला पानठेला गाठला. डॉक्टरचं काढलं की म्हणायचे, दिवाळी होऊ दे. मग लग्नसराई होऊ दे. मी शब्द दिला म्हणून भाऊंच्या बायकोला, आमच्या वहिनींना, सांगितलं नाही. कसला शब्द घेऊन बसलो होतो मी! उन्हाळ्यात गालाला बाहेरून भोक पडलं, तेव्हा सगळ्यांनाच कळलं.

ऑपरेशन झालं. बोलणं गेलं. दहाव्या दिवशी मी घरून कोंबडीचा निवळ रस्सा करून दवाखान्यात नेला, बिनमिरचीचा. वहिनींनी खाटेशेजारच्या कपाटातून तो हनोईचा चमचा काढून दिला. चमचा पाहून भाऊ डोळ्यांनी हसले. चार चमचे कसेबसे गेले, बाकीचं ओघळलं.

"भाऊ, लय दुखते का?"

त्यांनी हात वर केला, हनोईच्या रस्त्यात केला होता तसाच, आणि दोनदा हलवला. काई नाई होत गा.

अकरा वर्षं गिऱ्हाइकांनी ठेवला तसा मीही विश्वास ठेवला आणि दुकान उघडायला निघून गेलो. दुपारी भाऊ गेल्याचा वहिनींचा फोन आला, तेव्हा तो चमचा माझ्याच खिशात होता, न धुतलेला.