जावयाची इर्जिक

पहिली चूक अशी झाली, की इर्जिक मी सोमवारची ठरवली.

इर्जिक आता फारशी कुठं होत नाही, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. एखाद्याचं शेत मागं पडलं, की तो गावाला बोलावतो. ज्याची त्याची बैलं, ज्याचं त्याचं औत. सगळे एकाच दिवशी त्याच्या रानात उतरतात आणि काम उरकून टाकतात. मजुरी कुणी घेत नाही. घरधन्यानं संध्याकाळी सगळ्यांना गोडाचं जेवू घालायचं, की झालं.

माझं गाव सोनपेठच्या बाजूला, गंगेकाठचं, म्हणजे गोदावरीच्या काठचं. लग्न झाल्यावर मी पालमकडं सासुरवाडीलाच राहिलो, कारण सासऱ्यांना एकुलती एक लेक आणि रान मात्र बरंच. दिवस निजामी अंमलातले. मला उर्दूतून अर्ज लिहिता यायचा आणि तेवढ्या बळावर मी स्वतःला हिकमती माणूस समजायचो. माझी सगळी हिकमत एकाच गोष्टीत खर्च व्हायची: कमी राबून जास्त काम कसं होईल. अंगणात बाज टाकायची तर अशा जागी, की सकाळी टाकली ती सावलीमागं दिवसभर हलवावी लागू नये. ही जागा शोधण्यात मी एक पूर्ण उन्हाळा घालवला होता.

सासरे गेले त्या वर्षी ज्वारीची पेरणी पहिल्यांदाच एकट्या माझ्या गळ्यात आली. दसरा होऊन गेला होता. काळ्या रानात ओल होती, पण वरून ऊन तापायला लागलेलं. ओल खाली गेली तर दाणा उगवणार नाही, आणि ज्वारी नाही तर आम्हाला भाकरी नाही, जनावरांना कडबा नाही. नेमका त्याच वेळी आमचा एक बैल खुरात काटा मोडून लंगडायला लागला. बायको रोज रानातून येताना मूठभर माती घेऊन यायची. माझ्या बाजेसमोर उभी राहून ती चुरडायची, बोटांतून खाली सोडायची आणि चुलीकडं जायची. दर दिवशी ती माती जरा जास्त मोकळी पडायची. भांडली असती तर परवडलं असतं.

तेव्हा मला इर्जिक सुचली. आपल्याला ना बैल लागणार, ना औत. आपण फक्त बोलवायचं. मी टोपी घालून घरोघर फिरलो, सोमवारी या म्हणालो. सगळ्यांनी ऐकून घेतलं. ‘येतो की, जावईबापू,’ म्हणाले. एकेका घरी चहा झाला. अशी सोपी शेती मी कधी पाहिली नव्हती.

रविवारी दिवेलागणीला मी बायकोला ऐटीत सांगितलं, की उद्या डाळ शिजत घाल, गाव आपल्याकडं जेवायला येतंय. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

“आवं, उद्या सोमवार हाय,” ती म्हणाली. “सोमवारी हितं बैलाच्या मानेवर जू ठेवीत न्हाईत. म्हादेवाच्या नंदीचा वार हाय त्यो. निम्म्या गावाच्या गळ्यात लिंग हाय, दिसलं न्हाई का?”

दिसलं होतं. पण गंगेकाठी आमच्याकडं असला नेम नव्हता, आणि त्याचा बैलांशी संबंध असेल हे मला कुठून कळावं? पुन्हा टोपी घातली आणि निघालो. पहिलं घर शेजारच्या म्हाताऱ्या आप्पांचं, महादेवाचे भक्त. त्यांनी शांतपणे सांगितलं, की आमी सगळ्यांनी मंगळवारचंच धरलंय.

“मग मला कुणी बोललं का नाही?”

“जावयाला चुकलं म्हनून कोन सांगावं?” आप्पा म्हणाले. “म्हनलं, गावची लेक सांगंल घरी.”

माझा विश्वास बसेना, म्हणून मी पुढच्याही घरी गेलो. सगळीकडं तेच. गावानं पारावर बसल्या बसल्या जे ठरवून टाकलं होतं, त्यासाठी मी दोनदा गाव पालथं घातलं.

मंगळवारी दिवस उगवायला रानात पेरणीच्या तिफणी आल्या. पुढं बैल, मागं तिफण दाबून धरणारा गडी, आणि बाजूनं चालत चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या लाकडी वाटीत, मुठीनं ज्वारी सोडणारी बाई. घरी बायको आणि शेजारणी पुरण वाटायला बसल्या होत्या. मला काम एकच: लिंबाखाली थांबून पाणी आणि तंबाखू द्यायची. ते मी उत्तम करत होतो. तिथंच थांबलो असतो तर ही गोष्ट चांगली संपली असती.

पण दुपारी मला लाज वाटायला लागली. रान आपलं, आणि आपण सावलीत. आप्पांचा मुलगा पाणी प्यायला थांबला तशी मी त्याची तिफण धरली. ‘ऱ्हाऊ द्या, जावईबापू,’ तो म्हणाला. मला तो मान वाटला. बांधाकडची एक पट्टी मी पेरली. त्यातही डोकं चालवलं. बाकीचे गडी तिफणीवर सगळा भार देऊन घामाघूम झालेले. मी ती हलकीच धरली. बैलांना ओढ कमी, मला जोर कमी, आणि चाल बघावी तर दुप्पट. चाड्यात ज्वारी सोडणाऱ्या वहिनींनी दोनदा माझ्याकडं पाहिलं. मग पदर पुढं ओढून समोर बघत चालू लागल्या. जावयाला त्या तरी काय सांगणार?

ऊन कलायच्या आत सगळं रान पेरून झालं. संध्याकाळी पंगत बसली, लोकांनी पोळ्या हाणल्या. त्यानंतरचे काही दिवस बायको रानातून आली तरी तिच्या मुठीत माती नसायची. पण उगवणीचा विषय दोघंही काढत नव्हतो.

एका सकाळी ती म्हणाली, चला. आम्ही रानात गेलो. काळ्या मातीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोवळ्या हिरव्या रेघा उठल्या होत्या. बायकोनं पायातल्या वहाणा काढून मातीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मलाही जरा भरून आलं.

बांधाबांधानं चालत आम्ही पलीकडं पोचलो. तिथं एक पट्टी काळीच्या काळी होती. एक कोंब नाही. तिनं वाकून बोटानं वरची माती सारली. ज्वारीचे दाणे वरच, कोरड्या मातीत, पेरले तसेच पडले होते. मी मुंग्यांबद्दल बोललो. मग पाखरांबद्दल बोललो. शेवटी बियाण्यावरही थोडा संशय घेतला. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात झटकले आणि म्हणाली,

“हितं तेवढं तुमी सोता राबलाव वाटतं.”