संध्याकाळचे युनिट

इस्त्रीचं दुकान दोघी बहिणींचं. सकाळ ताईची, दुपारनंतर धाकटीची. लॉजच्या चादरींचं काम मिळालं तरच दुकान टिकणार होतं, आणि लॉजवाल्याने नाही म्हटलं, असा निरोप धाकटीने आणला होता. "संध्याकाळी तर माश्या मारते गं," ती म्हणायची. "तासभरसुद्धा इस्त्री तापत नाही."

मीटर मात्र रोज संध्याकाळी सहा युनिट पुढे जायचा. माश्या मारायला एवढी वीज लागत नाही.

ताईने आधी मीटरवर संशय घेतला. तो नात्यातला नव्हता. सुट्टीच्या दिवशी सगळं बंद करून शंभर वॅटचा एकच बल्ब दहा तास लावून ठेवला. हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. मीटर बरोबर एकच युनिट सरकला. प्रामाणिक निघाला मेला.

मग तिने धाकटीचं वकीलपत्र घेतलं. पंखा आणि ट्यूब मिळून सहा तासांत पाऊण युनिटही होत नाही. राहिली हजार वॅटची इस्त्री. ती तासाला एक युनिट खाते म्हणावं, तर तापली की आपोआप बंद होते, म्हणजे जेमतेम अर्धा. ही सूट धाकटीच्या बाजूने जाईल असं ताईला वाटलं होतं. पण अर्ध्याच्या हिशेबाने पाच युनिट म्हणजे दहा तास, आणि संध्याकाळ सहा तासांची. दुकानात इस्त्र्या दोन, धाकटी मात्र एकटी. तिथे दुसरं कोणीतरी होतं.

त्या संध्याकाळी ताई दुकानात गेली. लॉजच्या चादरींचा ढीग छातीएवढा. एका इस्त्रीवर धाकटी, दुसऱ्या इस्त्रीवर ताईची स्वतःची मुलगी.

"आई, सांगणारच होतो," मुलगी म्हणाली.

"कधी?"

"मावशीचं नवीन दुकान सुरू झालं की."

धाकटीने चादर उलटली. "म्हणजे तू मीटर बघत होतीस? सख्ख्या बहिणीवर पाळत? शोभतं का तुला, ताई?"

"नाही शोभत," ताई म्हणाली. "दुसरी इस्त्री माझी आहे. घरी नेते."

तिने प्लग काढला. पण तापलेली इस्त्री पिशवीत घालता येत नाही. मुलीने स्टूल पुढे सरकवलं. ताई बसली, आणि इस्त्री निवेपर्यंत धाकटी तिच्यासमोर चादरींच्या घड्या घालत राहिली.