सरांची बाजू

घोडबंदर रोडपासून कल्याणच्या खाडीपर्यंत आमच्या सरांइतका न्यायी माणूस शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्या बायकोची मला आत्तापासून दया येते. कोपरच्या एका छोट्या कॉलेजात सर आम्हाला पत्रकारिता शिकवायचे. पत्रकारिता विभाग म्हणजे जिन्याशेजारची एक खोली, त्या खोलीत आमच्यापेक्षा जास्त बाकं आणि सगळ्या विषयांना मिळून एकटे सर. बाहेर भिंतीवर एक बोर्ड होता, त्यावर दर सोमवारी आमचं भित्तिपत्रक लागायचं. वाचक म्हणजे पाण्याच्या कूलरपाशी बाटली भरायला थांबलेली मुलं. पण टाचण्या लावताना सरांचा चेहरा असा, की या अंकाने संध्याकाळपर्यंत सरकार पडणार आहे. त्यांचा नियम एकच. बातमी कितीही फुटकळ असो, ज्याच्याविरुद्ध आहे त्याची बाजू विचारल्याशिवाय ती बोर्डावर चढणार नाही.

पहिल्याच वर्षी माझ्या मिसळीत केस निघाला. मी तावातावाने बातमी लिहिली. सर म्हणाले, "कँटीनवाल्यांना विचारलंस?" यात विचारायचं काय, केस माझ्या वाटीत होता! तरी मी गेले. कँटीनवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. खाली लख्ख टक्कल. सोमवारी बोर्डावर मथळा झळकला : 'मिसळीत केस, कँटीनचालकाकडून टकलाचा पुरावा'. त्यानंतर मी पास होईपर्यंत त्या माणसाने मला जादा तर्री दिली नाही.

माझी मैत्रीण प्रणाली बाळकुमची, घरची आगरी, आवाज असा की माइकची गरज नाही. ती रोज उशिरा यायची आणि रोज ट्रॅफिकला शिव्या घालायची. एकदा सर म्हणाले, "ट्रॅफिकची बाजू कुणी पाहिली आहे का?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरोखरच बाळकुमहून बसमध्ये बसले. आम्ही वर्गात, प्रणालीसुद्धा वर्गात, आणि सर मात्र कुठे तरी सिग्नलला. तास संपता संपता ते घामाघूम पोचले, तडक बोर्डाकडे गेले आणि स्वतःच्या हाताने खुलासा लावला, की कुमारी प्रणाली यांच्या सचोटीबद्दल घेतलेली शंका निराधार असून संबंधित प्राध्यापक दिलगीर आहेत. प्रणालीने त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला.

कॉलेजच्या गल्लीतलं कुत्रं सरांना चावलं तेव्हा आम्हाला वाटलं, ही तरी बातमी सरळ जाईल. सर इंजेक्शन घेऊन लंगडत आले, बातमी वाचली आणि खाली एक वाक्य वाढवलं : 'तत्पूर्वी प्राध्यापकांचा पाय कुत्र्याच्या शेपटीवर पडला होता.' घरीही हाच न्याय. वरच्या मजल्यावरच्यांचे ओले कपडे खाली गळतात अशी काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, तक्रार होती. सर भांडायला म्हणून वर गेले, चहा पिऊन खाली आले आणि म्हणाले, "त्यांचंही म्हणणं विचारात घेण्यासारखं आहे." काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, नवरा म्हणून तरी एकदा एकतर्फी वागा!"

आम्ही शेवटच्या वर्षाला असताना कळलं, की पत्रकारितेला नवे प्रवेश होणार नाहीत. आमची बॅच बाहेर पडली की वर्ग बंद, आणि सरांची नोकरीही तिथेच संपली. आमची डोकी फिरली. मी आणि प्रणालीने रागारागात बातमी लिहिली, तिच्यात 'गळचेपी' हा शब्द तीनदा आला. सरांनी ती शांतपणे वाचली. "चांगली आहे. अध्यक्षांना विचारलंत?"

"सर, ते तुम्हाला घरी बसवतायत!" प्रणाली ओरडली.

"म्हणूनच मी येत नाही. तुम्ही जा."

अध्यक्ष म्हणजे कोपरचे जुने जमीनवाले. कॉलेज त्यांच्याच भातशेतीवर उभं. आम्ही भांडायच्या तयारीने गेलो, तर त्यांनी पुढे बिस्किटं ठेवली. "पोरींनो, मास्तर लाख माणूस हाय. पन पोरां येतच नाय त मी काय करू? सगली मोबाइलवर पत्रकार झाली. रिकाम्या बाकांना तो किती दिवस शिकवील?" आम्ही बिस्किटं उचलली. परत येऊन त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. सर खूश झाले. "बघा, आता बातमी पुरी झाली."

"नाय झाली," प्रणालीने पेन काढलं. "ज्याची नोकरी जातेय त्याला कुणी विचारलंच नाही. बोला सर, तुमची बाजू काय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. कुत्र्याचीसुद्धा बाजू मांडणारा तो माणूस रिकाम्या बाकांकडे नुसता बघत राहिला. मग म्हणाले, "लिही. संबंधित प्राध्यापकांशी संपर्क साधला असता त्यांनी प्रतिक्रिया देण्यास नकार दिला." जरा थांबून म्हणाले, "'नकार' उद्धट वाटतं का गं? 'उपलब्ध होऊ शकले नाहीत' करूया?"

"सर, तुम्ही समोर बसलायत!"

"हो, ते खोटं होईल. नकारच राहू दे."

आता मी ठाण्यात एका न्यूज पोर्टलला आहे. तिथे बातमी आधी जाते आणि समोरचा माणूस नंतर आठवतो. मी फोन फिरवत बसले की आमचे संपादक कावतात, "अगं, उचलत नाही तर सोड ना!" मला सोडवत नाही.

हे लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे सरांना फोन केला आणि सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "टकलाचं छापण्याआधी कँटीनवाल्यांना विचार." मी ते टिपून घेतलं. फोन ठेवणारच होते.

"माझी ती प्रतिक्रिया राहिली होती," ते हळूच म्हणाले. "आता चालेल का? जागा असेल तर."

"आहे सर."

"मला तो वर्ग फार आवडायचा गं. तुम्ही सगळी पोरं फार आवडायचात. एवढंच." आणि लगेच घसा खाकरला. "पण हे एकतर्फी होतंय. मुलांचं काय म्हणणं आहे, तेही घाल."

"मुलांचंही हेच म्हणणं आहे, सर."