द्राक्षांच्या टेकडीवर, पाय न टेकता

सायकलवरून चढ चढताना आधी गिअर बदलावा आणि मग चढाला लागावे, असा योग्य क्रम आहे. मी तो बहुधा उलटा पाळत असे. त्यामुळे ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात मी जितके अंतर सायकलवर बसून कापले, जवळजवळ तितकेच तिच्या शेजारून, तिला हाताने ढकलत कापले असावे.

हा नाद मला ऑफिसातल्या एका फ्रेंच सहकाऱ्याने लावला. सनीव्हेलच्या एका चिप कंपनीत आमची टेबले शेजारी होती. त्याच्या गावाकडे म्हणे सगळ्या टेकड्या द्राक्षवेलींनी झाकलेल्या, त्यांतून अरुंद डांबरी रस्ते, आणि रविवारी म्हातारेकोतारेसुद्धा सायकलवर. हे वर्णन तो दर सोमवारी इतक्या तन्मयतेने करी की त्याची कॉफी निवून जाई आणि माझे काम पडून राही. शेवटी मी एक सेकंडहँड रेसिंग सायकल घेतली. तिचे हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले होते आणि पेडलवर पाऊल जखडून ठेवणारे चामडी पट्टे होते. शर्ट खोचून, पँटच्या पायांना क्लिपा लावून मी तिच्यावर बसलो, की आमची मुलगी दोन घरे पुढे निघून जाई. आपण या गृहस्थांबरोबर नाही, हे रस्त्याला कळावे म्हणून.

ही मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि ती मराठीच्या वर्गावर नाराज होती. वर्ग मीच घेत असे. अमेरिकेला येण्यापूर्वी मी साताऱ्याला शाळेत विज्ञान शिकवीत होतो. ती सवय सुटत नसल्याने दर रविवारी सकाळी एका कम्युनिटी हॉलच्या खोलीत ओळखीच्या मराठी कुटुंबांतली मुले गोळा करून मी त्यांना बाराखडी, वाचन आणि निबंध शिकवी. नेमक्या त्याच वेळी मुलीच्या मैत्रिणी सॉकर खेळत.

“बाबा, आय ॲम डन,” एके दिवशी जेवताना तिने जाहीर केले. “मी क्लासला येणार नाही. सगळ्या किड्सना सोडायचंय, पण कुणी आधी सोडत नाहीये.”

तिच्या म्हणण्यात तथ्य होते आणि अडचण तीच होती. शिक्षकाचीच मुलगी गेली, तर पुढच्या रविवारी खोलीत फळा, खडू आणि मी एवढेच उरणार होतो. मी भाषेचे महत्त्व समजावून सांगू लागलो. पहिला मुद्दा संपून दुसरा सुरू होण्याआधीच ती म्हणाली, “तुम्ही नेहमी म्हणता, डिफिकल्ट आहे म्हणून सोडायचं नाही. मग तुम्ही प्रत्येक हिलवर उतरून का चालता?”

माझ्या पत्नीने भात वाढता वाढता मान खाली घातली. ती हसत होती.

त्याच आठवड्यात फ्रेंच सहकाऱ्याच्या काकांचे निमंत्रण आले. उत्तरेकडे, नापा नावाच्या खोऱ्याच्या वरच्या डोंगरांत या काकांचा छोटासा द्राक्षमळा होता. फाटकापाशी तळघर, टेकडीच्या माथ्यावर घर, आणि दोहोंमध्ये त्यांचा स्वतःचा वळणाचा डांबरी रस्ता. सायकली घेऊन या, आमच्या गावाकडे आल्यासारखे वाटेल, असा निरोप होता. मुलीने लगेच करार मांडला: फाटकापासून घरापर्यंत बाबा एकदाही पाय न टेकता चढले, तर ती वर्ष संपेपर्यंत वर्गाला येईल. पाय टेकला, तर सॉकर.

“मान्य,” मी म्हणालो.

“अहो, चढ बघितलाय का?” पत्नीने विचारले.

बघितला नव्हता. प्रयोगाआधी उपकरणे तपासावीत, हे मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो होतो.

आम्ही तिघेच मोटारीच्या मागे तीन सायकली बांधून गेलो. चढ पाहिला तेव्हा तो रस्ता नसून भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटले. फाटकाशी काका उभेच होते. पांढऱ्या मिशा, मातीने माखलेले बूट आणि प्रत्येक वाक्याबरोबर उघडणारे दोन्ही हात. चढण्याआधी तळघरात यायलाच हवे, असा त्यांचा हट्ट होता.

तळघरात पिंपांच्या रांगा होत्या. एका टेबलावर पेले मांडलेले होते आणि टेबलाशेजारी एक बादली ठेवलेली होती. वाइन तोंडात घोळवावी, चव पाहावी आणि बादलीत थुंकावी, ही तिथली रीत. ती काकांनी सांगितलीही असावी. परंतु त्यांचे इंग्रजी फ्रेंचच्या चालीवर चालत असल्यामुळे मला त्यातले सौजन्य तेवढे कळले. बादली हात धुण्यासाठी असावी असे समजून मी तिच्यात बोटे बुडवून स्वच्छ रुमालाला पुसली. रुमाल जांभळा झाला. यजमानांनी ते पाहिले आणि अतिशय सभ्यपणे छताकडे नजर वळवली.

मी तोपर्यंत मद्याला शिवलेलो नव्हतो. पण यजमानाने स्वहस्ते भरलेला पेला नाकारणे मला अवघड वाटले, आणि एकदा हातात घेतल्यावर तो अर्धा टाकणे तर अशक्यच. पानात काही टाकायचे नाही, या शिस्तीत मी वाढलो होतो. कारल्याची भाजीसुद्धा मी लहानपणी पान पुसून खाल्ली होती. तेव्हा मी पेला रिकामा केला.

काकांनी तो लगेच भरला.

यातली अडचण वाचकांनी नीट समजून घ्यावी. पाहुण्याचा पेला रिकामा दिसला की त्यांच्या आतिथ्याला कमीपणा येई. माझा पेला भरलेला राहिला की माझ्या संस्कारांना. मी संपवी, ते भरीत. प्रत्येक वेळी पिंप बदले. मी अधिकाधिक नम्र होत गेलो आणि ते अधिकाधिक प्रसन्न. दोन सुसंस्कृत माणसे एकमेकांचा मान राखू लागली, म्हणजे थांबायचे कोणी, हा प्रश्न सुटत नाही.

पत्नीने मात्र पहिल्याच पेल्यावर दोन्ही हात आडवे धरले. पंगतीत जिलबी नको असताना धरतात, अगदी तसेच. “नो, नो, पोट भरलं,” ती म्हणाली, आणि काका एका शब्दाने समजले. मुलगी द्राक्षरस पीत माझ्याकडे टक लावून पाहत होती.

“आई, बाबा इतकं का हसतायत?”

“त्यांना मळा आवडलाय,” पत्नी म्हणाली. “अहो, पुरे आता.”

काका जेवणाची भांडी घेऊन पिकअपमधून पुढे गेले. रस्ता मोकळा झाला. पत्नी पुण्यात कॉलेजला सायकलने जाणारी. पंजाबी ड्रेस आणि स्नीकर्स घालून ती शांतपणे वर निघून गेली. मुलगी पंचाच्या थाटात माझ्या पुढे राहिली. मी पाय पट्ट्यांत अडकवले आणि निघालो.

सरळ जायचा माझा हेतू होता. पण सायकलला तो पटेना. पुढचे चाक आधी डाव्या कडेच्या वेलींकडे गेले. मी ते वळवले, तर उजव्या कडेच्या वेलींकडे. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. असे होता होता माझ्या लक्षात आले की मला धाप लागलेली नाही. मी चढतो आहे! उतरण हे साधे यंत्र मी साताऱ्याला किती वर्गांना शिकवले होते: अंतर वाढवा, बल कमी लागेल. घाट नागमोडी असतात ते याच कारणाने. जे मला शुद्धीवर कधी सुचले नव्हते, ते माझा तोल गेल्यावर सायकलने आपण होऊन सिद्ध केले होते. आनंदाने मी ते तत्त्व मोठ्याने म्हणू लागलो.

“बाबा, स्टॉप इट! झिगझॅग इज चीटिंग!” मुलगी ओरडली.

“करारात सरळ हा शब्द नाही!” मी वेलींतून ओरडलो.

माथ्यावर अंगणात झाडाखाली काका टेबल मांडत होते. मी अंगणात शिरलो. पण निकाल लागेपर्यंत उतरणे धोक्याचे होते. म्हणून मी टेबलाभोवती फेऱ्या मारू लागलो.

“चढलो की नाही, सांग!”

“दॅट डझन्ट काउंट! आई, सांग ना बाबांना!”

“अहो, आधी उतरा, मग भांडा.”

“उतरलो तर पाय टेकेल!”

काका हातात पावाची लादी धरून माझ्याबरोबर मान फिरवीत होते. हा आपल्या पाहुण्यांचा भोजनापूर्वीचा विधी असावा, अशा समजुतीने त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ते पाहून मुलगी मटकन जमिनीवर बसली आणि पोट धरून हसू लागली. हसता हसताच म्हणाली, “ओके, ओके, येईन. पण निबंधाचा टॉपिक मी ठरवणार.”

“मान्य!” मी म्हणालो. पत्नीने धावत येऊन सीट धरली, पट्टे सोडवले आणि मला एखाद्या पोत्यासारखे खुर्चीत ठेवले.

पुढच्या रविवारी मुलगी वर्गाला आली. वही उघडून ती उभी राहिली. मुलांना न्यायला आलेले काही काका आणि काकू मागच्या भिंतीशी थांबले होते. त्यांतल्या बहुतेकांना मी सुपारीच्याही व्यसनाविना जगणारा गृहस्थ म्हणून ठाऊक होतो. तिने विषय वाचला: “माझे बाबा टेकडी चढतात.”

तिने तळघर सांगितले. पेले सांगितले, बादली सांगितली. वाक्ये लहान होती, क्रियापदे जागच्या जागी होती, आणि एकही इंग्रजी शब्द नव्हता. जी मुले खिडकीबाहेर पाहत असत, ती बाकावर पुढे सरकून ऐकत होती. मागच्या भिंतीशी एका काकूंनी दुसऱ्या काकूंचा दंड धरला.

“आणि मग,” मुलगी वाचत होती, “बाबा सायकलवर बसले. ते खूप...”

ती थांबली. शब्द तिने कोरा सोडला होता. तिने माझ्याकडे पाहिले. “बाबा, ड्रंक माणूस असा असा जातो, त्याला काय म्हणतात?”

घड्याळात वर्ग संपायला थोडाच अवकाश होता. आज इथेच थांबू, असे मी सहज म्हणू शकलो असतो. भिंतीशी उभी असलेली मंडळी माझ्याकडे पाहत होती. मुले तर शब्दासाठी अक्षरशः खोळंबली होती.

मी खडू उचलला आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले: झिंगलेले.

“सर्वांनी वहीत उतरवून घ्या,” मी म्हणालो. “हं, पुढे वाच.”