कानसेनला न ऐकू आलेली टिकटिक

त्यांना सगळे कानसेन म्हणत. 'मिस्त्री' अशी हाक मारली तर गॅरेजांच्या त्या रस्त्यावर पाचसहा माना वळायच्या. कानसेन मात्र एकच. गाडी फाटकातून आत येते न येते तोच ते बसल्या जागेवरून सांगायचे, "बेल्ट सैल आहे," किंवा "एक प्लग झोपलाय," आणि बॉनेट उघडल्यावर नेमकं तेच निघायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, अशी त्यांची पद्धत. त्या वेळी कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे.

लेक शिकून त्यांच्याच गॅरेजात आली, तेव्हा लोकांनी विचारलं, मुलगी इथे काय करणार? "मी करतो तेच," ते म्हणाले, "फक्त शिव्या कमी देऊन." तिला त्यांनी हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. आवाज कसा ऐकायचा, हेसुद्धा. वरून येणारी बारीक टिकटिक वेगळी, खालून येणारी जड ठोक वेगळी. टिकटिक म्हणजे इंजिन तक्रार करतंय. ठोक म्हणजे त्याने हात टेकले.

एका सकाळी एक नर्स आपली जुनी छोटी गाडी घेऊन आली. घरोघरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, इंजेक्शनं देणं हे तिचं काम. गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला होता.

"कधीपासून?" कानसेननी विचारलं.

"आज सकाळपासून," ती म्हणाली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून ओशाळली. "कालपासून. पण काल एका आजोबांची पट्टी बदलायची होती, त्यांना ताटकळत कसं ठेवणार?"

"सिस्टर, तुमच्या पेशंटचा ताप चढलेला दिसला की तुम्ही आणखी एक दिवस वाट बघता का?"

"नाही."

"मग झालं तर."

यापुढे ते रागावले नाहीत. रागावलं की लोक खोटं बोलतात आणि खोट्यावर इंजिन दुरुस्त होत नाही, असं त्यांचं मत होतं.

ऑइल मोजायची पट्टी त्यांनी ओढून काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली. टोकाला नुसता काळा डाग. खाली वाकून बघितलं तर इंजिनाच्या तळाशी, ऑइल साठतं त्या चेंबरच्या नटापाशी ओल होती. तिथून थेंब थेंब करत ऑइल निघून गेलं होतं. त्यांनी नटाचा वॉशर बदलला, ऑइल भरलं आणि चावी फिरवली. दिवा विझला. स्क्रूड्रायव्हर टेकवून त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं.

"वाचली," ते म्हणाले. "खाली ठोक नाही. जा घेऊन."

लेक बॉनेटच्या पलीकडे उभी होती. "बाबा, वरून बारीक टिकटिक येतेय. ऑइल भरल्यावर थांबायला हवी होती ना?"

"कुठे येतेय?"

"इथे, या झाकणाखाली."

त्यांनी पुन्हा मूठ कानाला लावली. "काही नाही. गार इंजिन आहे, थोडी कुरकुर करणारच."

गिऱ्हाइकासमोर बापाला खोटं पाडायचं लेकीच्या जिवावर आलं. नर्स आभार मानून निघून गेली.

चहाच्या वेळी लेक नळावर हात धुवत होती. कानसेननी कप हातात घेतला आणि तिच्या पाठीकडे बघत म्हणाले, "आज एवढी गप्प का?"

तिने वळून बघितलं. "गप्प कुठे? आत्ता तुमच्याशीच बोलत होते. तीनदा विचारलं, साखर पुरेशी आहे का म्हणून."

ते कप तसाच ठेवून उठले आणि अंगणात गेले. तिथे एक टॅक्सी उभी होती. वरच्या झाकणाखालच्या टॅपेटची टिकटिक डोकं उठवते, ती बंद करा, असं सांगून तिचा ड्रायव्हर ती आदल्या दिवशी ठेवून गेला होता. कानसेननी तिचं बॉनेट उघडलं, गाडी चालू केली आणि जवळ जाऊन उभे राहिले.

इंजिन लोण्यासारखं चालत होतं. त्यांनी डावा कान पुढे केला, मग उजवा. इंजिनाची घरघर होती, पंख्याचं वारं होतं. टिकटिक कुठेच नव्हती. मग त्यांनी टॅपेटच्या झाकणावर तळहात ठेवला. खाली काहीतरी भराभर टोचत होतं. हाताला कळत होतं ते कानाला कळत नव्हतं.

लेक मागे येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ही वाजतेय का ग?"

"शिवणयंत्रासारखी," ती म्हणाली.

हातोडे आणि फिरती इंजिनं यांच्यात आयुष्य गेलं होतं. कानांनी कधी काढता पाय घेतला ते कळलंच नाही. कानसेननी टॅक्सी बंद केली. "सिस्टरला फोन लाव. म्हणावं, असाल तिथे गाडी बंद करा."

फोन वाजत राहिला; कुणी उचलला नाही. ती एखाद्याची पट्टी बदलत असणार, फोन पर्समध्ये असणार. चढावरच्या वस्तीत जायचंय, असं ती सकाळी बोलता बोलता म्हणाली होती. बापलेक स्कूटरवर बसले आणि निघाले.

चढ संपतो तिथल्या एका घरासमोर ती गाडी दिसली. नर्स नुकतीच बाहेर येऊन चावी लावत होती.

"थांबा," कानसेन स्कूटरवरूनच म्हणाले. जवळ गेल्यावर जरा दम खाल्ला. "मघाशी चूक झाली, आणि ती माझी. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, हे मला आजच कळलं. हिला ऐकू आलं होतं, पण मी हिचं ऐकलं नाही."

नर्सने एकदा त्यांच्याकडे, एकदा लेकीकडे बघितलं. "हा दिवा पण चढावर मिणमिणत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही तपासलीय म्हणजे ठीक असेल."

हे शेवटचं वाक्य त्यांना फार लागलं.

गाडी पुन्हा चालू न करता दोर बांधून, टोचन करून त्यांनी गॅरेजात आणली. या वेळी कानांचं कामच ठेवलं नाही. इंजिनावरचं, दिवा लावणारं बटण काढून तिथे ऑइलच्या प्रेशरचं मीटर बसवलं आणि इंजिन चांगलं तापू दिलं. गार असताना काटा वर होता. तापल्यावर तो खाली, आणखी खाली येत गेला आणि शेवटी तळाशी जाऊन थरथरत राहिला.

"ऑइल आहे, पण वर पोचत नाही," लेक म्हणाली.

"का पोचत नाही?"

"पंप गेला असेल, नाहीतर खालची जाळी तुंबली असेल."

"आधी काय बघशील?"

"जाळी. त्यासाठी चेंबर उतरवावाच लागेल."

चेंबर उतरवला. तळाशी डांबरासारखा काळा गाळ बसला होता आणि पंपाची जाळी त्याने लिंपून गेली होती. ऑइल वर्षानुवर्षं बदललं नव्हतं; उरलंसुरलं तापून तापून करपलं होतं. जाळीतून जेमतेम धार जात असणार. कानसेननी एक एक बेअरिंग उघडून हातात घेतलं. एकावरचा करडा थर झिजून खालचं तांबं दिसू लागलं होतं. मग ती बेअरिंगं ज्याच्यावर बसतात त्या क्रँकवरून, ओरखडा लागतो का बघत, नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

"क्रँक वाचलाय," ते म्हणाले. या वेळी त्यांनी लेकीचं बोट धरून त्याच जागेवरून फिरवलं. "तू सांग."

"गुळगुळीत आहे."

"मग वाचलाय."

जाळी धुतली, पंप उघडून तपासला, बेअरिंगं नवी घातली, ऑइल आणि फिल्टर बदलले. तापलेल्या इंजिनावरही काटा जागचा हलला नाही. वरच्या झाकणाशी कान लावून लेक बराच वेळ उभी राहिली आणि तिने मान हलवली: काही नाही. नर्सकडून त्यांनी फक्त सामानाचे पैसे घेतले. नर्सने कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला आणि लेकीला बाजूला घेऊन बजावलं, "टाळतील. टाळू देऊ नकोस."

त्यांनी टाळलं नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, यंत्र लावा. तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला तेलाचे हात चालतात का?"

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बॉनेट उघडायच्या आधीच सांगू लागले, "माझे कान अर्धे गेलेत. ऐकणार ही, बघणार मी. चालेल ना?" गिऱ्हाइकं कमी होतील, अशी त्यांची तयारी होती. झालं उलटंच. जो माणूस स्वतःचा बिघाड इतक्या सरळपणे सांगतो, तो आपल्या गाडीचा लपवणार नाही, असं लोकांना वाटलं असावं. कानसेन हे नाव मात्र कुणी बदललं नाही; ते स्वतःच कधी कधी त्यावर हसत.

यंत्र पहिल्यांदा लावलं त्या सकाळी ते गॅरेजात शिरले, लेकीने कॉम्प्रेसर चालू केला आणि ते दारातच थबकले.

"हा असा किंचाळतो?"

"केव्हापासून किंचाळतोय."

"मग सांगायचं नाही का?"

लेक हसत सुटली. बाह्या सरसावून त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला आणि त्याचा बेल्ट खोलायला घेतला.